ज्यांनी निमूट भरलं, त्यांनाही परत द्या : केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळास खुलं पत्र

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगावात गेली कित्येक वर्षं कर सल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारी माणसं म्हणजे बेदाण्याचे व्यापारी, छोटे ठेकेदार, एक-दोन शिक्षणसंस्था, पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या. यातल्या कुणाचीही रक्कम एवढी मोठी नाही की तिच्यासाठी कुणी बडा वकील उभा राहील. म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

विषय एकच आहे. १ जून २०१५ च्या आधीच्या काळातली टीडीएसची, म्हणजे कुणाला पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या कराची, तिमाही विवरणपत्रं उशिरा भरली गेली, म्हणून आपल्या विभागाने १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २३४-ई खाली दिवसाला २०० रुपये दराने शुल्क लावलं. ज्यांनी ते भरलं नाही आणि अपील केलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचं शुल्क आयकर अपील न्यायाधिकरणांनी रद्द केलं. ज्यांनी मागणीपत्र हातात पडताच पैसे भरून टाकले, त्यांचे पैसे आजही सरकारजमा आहेत. ते व्याजासकट परत करावेत, त्यासाठी अर्ज-विनंत्या करायला न लावता एका आदेशाने करावेत, एवढं मागायला मी हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. २३४-ई हे कलमच बेकायदा आहे असं माझं म्हणणं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये रश्मिकांत कुंडलिया यांच्या खटल्यात ते वैध ठरवलं. विवरणपत्र उशिरा आलं की ज्याच्या पगारातून किंवा बिलातून कर कापला त्याच्या खात्यावर तो वेळेत दिसत नाही, त्याचा परतावा अडतो, विभागाचं काम वाढतं आणि त्या वाढीव कामाचं हे शुल्क आहे, असं न्यायालय म्हणालं. मला ते मान्य आहे. उशीर करणाऱ्यांची बाजू घेऊन मी उभा नाही. माझ्या कार्यालयातल्या पोरांना मी आजही तारखेच्या आठ दिवस आधी फाइल तयार ठेवायला लावतो.

प्रश्न आहे तो हे शुल्क कुठल्या अधिकाराने लावलं याचा. १ जुलै २०१२ पूर्वी उशिरासाठी कलम २७२-ए खाली दिवसाला १०० रुपये दंड होता. तो दंड अधिकारी लावायचा. नोटीस यायची, आपण जाऊन कारण सांगायचो, कारण पटण्याजोगं असेल तर दंड माफ व्हायचा. २०१२ च्या वित्त कायद्याने २३४-ई आणलं. रक्कम दुप्पट झाली आणि ऐकून घेणारं माणूसच मधून गेलं. पण या नव्या शुल्काची वसुली कशी करायची, हे मात्र कायद्यात लिहायचं राहिलं. विवरणपत्रावर संगणकाने प्रक्रिया करून मागणी काढायची ती कलम २००-ए खाली. त्या कलमात त्या वेळी बेरीज-वजाबाकीच्या चुका, चुकीचे दावे आणि व्याज एवढंच होतं. उशिराचं शुल्क त्यात घातलं गेलं ते २०१५ च्या वित्त कायद्याने, १ जून २०१५ पासून. म्हणजे जवळपास तीन वर्षं संगणक अशी एक रक्कम मागत होता, जी मागण्याची मुभा त्या कलमाने त्याला दिलेलीच नव्हती.

ही कायद्याच्या कलमांची भाषा झाली. प्रत्यक्षात काय घडलं तेही सांगतो.

माझ्याकडे एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेची संस्था आहे. २०१२ साली त्यांनी दोन वर्गखोल्या बांधायला काढल्या. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत गवंडी ठेकेदाराला ५ लाख रुपये दिले, त्यावर १ टक्क्याने ५,००० रुपये कापले. आर्किटेक्टला ३२,००० रुपये दिले, त्यावर १० टक्क्यांनी ३,२०० कापले. एकूण ८,२०० रुपये. हे पैसे संस्थेने वेळेत, चलन २८१ ने बँकेत भरले. सरकारचा एक रुपयाही एक दिवसही अडकला नाही. अडलं ते विवरणपत्र. ठेकेदाराने पॅन हाताने चिठ्ठीवर लिहून दिला होता आणि त्यातल्या आकड्यांत शून्याच्या जागी इंग्रजी ओ काढला होता. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर असा पॅनचा साचा असतो. फाइल तपासणारी प्रणाली तो ओ काही स्वीकारेना. ठेकेदार तेव्हा दुसऱ्या कामावर कर्नाटकात. कार्डाची झेरॉक्स मिळायला मार्च उजाडला, नंतर लिपिकबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. शेवटी सीडी आणि सही केलेला फॉर्म २७-ए घेऊन मी स्वतः सांगलीच्या केंद्रात गेलो, ती तारीख होती २२ एप्रिल २०१३. मुदत होती १५ जानेवारी. ९७ दिवस उशीर.

९७ दिवसांचे २०० रुपयांनी १९,४०० होतात. शुल्क कापलेल्या कराच्या रकमेपेक्षा जास्त असू नये, एवढी मर्यादा कायद्यात आहे, म्हणून ते ८,२०० वर थांबलं. जेवढा कर, तेवढंच शुल्क. त्या गोंधळात पुढच्या दोन तिमाह्याही रेंगाळल्या. एकीचे ६,४०० आणि दुसरीचे ३,६००. तिन्ही मिळून १८,२००. मागणीच्या मेल ज्या पत्त्यावर आल्या, तो रजेवर गेलेल्या लिपिकबाईंनी उघडलेला होता. तो कुणी पाहिलाच नाही. कळेपर्यंत चार महिन्यांचं व्याज चढलं होतं, महिन्याला १ टक्का, म्हणजे ७२८ रुपये. एकूण १८,९२८.

संस्थेचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना आम्ही सगळे सरच म्हणतो. मी त्यांना मागणीपत्राची प्रत दाखवली आणि अपील करता येतं असं सांगितलं. अपिलाची फी २५० रुपये, पुढे न्यायाधिकरणात जायचं झालं तर ५००. पण फी हा खर्चाचा सगळ्यात लहान भाग असतो. तारखेला पुण्याला जायचं, तासगावहून एसटीने जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडायचा, कागद तयार करायचे, वकील द्यायचा. यात १८,००० रुपये कधी उडून जातील कळणारही नाही. सर म्हणाले, "वकीलसाहेब, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आणि सरकारचं देणं अंगावर ठेवायचं नाही. भरून टाका." मीही म्हटलं, भरू या. नव्या खोल्यांसाठी बाकं घ्यायला ठेवलेल्या पैशांतून ती रक्कम गेली. पावती मी स्वतः फाइलला लावली. माझा तो सल्ला चुकला हे मला आज कळतं, आणि ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे.

त्याच सुमारास माझ्याकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला ३१,४०० रुपयांची मागणी आली. त्यांनी शीतगृहाच्या भाड्यावर आणि दलालीवर कर कापला होता, वेळेत भरलाही होता, विवरणपत्रं मात्र उशिरा गेली होती. त्यांनी सरळ सांगितलं, "मी नाही भरणार. कर भरलाय, आता हे कसलं?" त्यांना कायद्याचा मुद्दा माहीत नव्हता, मलाही तेव्हा नीटसा माहीत नव्हता. पहिल्या अपिलात हरलो. मग दिवस पालटले.

जून २०१५ मध्ये अमृतसरच्या न्यायाधिकरणाने सिबिया हेल्थकेअरच्या प्रकरणात सांगितलं की २००-ए मध्ये तरतूदच नव्हती, तर हे शुल्क त्या कलमाखालच्या मागणीच्या सूचनेत घालता येत नाही. २६ ऑगस्ट २०१६ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने फतेहराज सिंघवी यांच्या खटल्यात तेच म्हटलं आणि १ जून २०१५ पूर्वीच्या काळासाठीच्या मागण्या रद्द केल्या. पुढच्याच महिन्यात न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या प्रकरणात हाच मार्ग धरला आणि मग पुण्यात एकामागून एक अपिलं मंजूर होत गेली. आमच्या बेदाणा व्यापाऱ्याचंही झालं. ३१,४०० रुपयांची मागणी रद्द. त्यांनी पेढे वाटले. मी मात्र त्या दिवशी शाळेच्या फाइलचा विचार करत घरी आलो.

गुजरात उच्च न्यायालयाने जून २०१७ मध्ये राजेश कौरानी यांच्या खटल्यात उलट मत दिलं, हेही मी लपवत नाही. २३४-ई हे शुल्क आकारणारं कलम आहे, २००-ए ही नुसती कार्यपद्धती आहे, त्यामुळे आधीही शुल्क घेता येत होतं, असं ते न्यायालय म्हणालं. पण कराच्या तरतुदीचे दोन अर्थ निघत असले तर करदात्याच्या बाजूचा अर्थ धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाचं १९७३ पासूनचं सूत्र आहे, आणि पुण्याच्या खंडपीठाने ते पाळलं. पुढे केरळ उच्च न्यायालयही कर्नाटकाच्याच वाटेने गेलं. हे मी इतक्या तपशिलाने लिहितो, कारण आपल्या कार्यालयांतून मला कुणी ना कुणी गुजरातचा निकाल दाखवणारच.

या सगळ्या प्रकरणांत मला सर्वांत जास्त खुपलेलं एक प्रकरण आहे. पुण्याच्या न्यायाधिकरणापुढे याच शुल्कासाठी एका ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना अपील घेऊन जावं लागलं. राज्य सरकारचं रुग्णालय, केंद्र सरकारचा विभाग. खेड्यातल्या सरकारी दवाखान्याने दिवसाला २०० रुपयांसाठी केंद्राशी भांडायला पुण्याला जावं? तिथे बाह्यरुग्ण विभागाबाहेरची रांग कधी हटत नाही. ते जिंकले. पण जे दवाखाने, ग्रामपंचायती, शाळा गेल्या नाहीत, त्यांचं काय?

निकाल लागल्यावर सरांनी मला विचारलं, "मग आपलं परत मिळेल ना?" तेव्हा मला त्यांना कर्नाटकच्याच निकालातला शेवटाकडचा भाग वाचून दाखवावा लागला. त्यात न्यायालयाने लिहिलं आहे की ज्यांनी मागणीप्रमाणे शुल्क आधीच भरलं आहे, त्यांना परतावा मागण्यासाठी प्रकरण पुन्हा उघडता येईल असा या निकालाचा अर्थ लावू नये. निकाल पुढच्या काळापुरता आहे. सरांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी भरलं हेच चुकलं." मी गप्प बसलो. मला आजही त्यावर उत्तर सापडलेलं नाही. म्हणून ते मी आपल्याला विचारतो आहे.

मी तरीही प्रयत्न केले. कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज दिला. एका कार्यालयातून उत्तर आलं की या टॅनवर, म्हणजे कर कापणाऱ्या संस्थेच्या नोंदणी क्रमांकावर, कुठलीही मागणी शिल्लक नाही, तेव्हा दुरुस्त करण्यासारखं काही नाही. बरोबरच आहे. मागणी भरली, म्हणून ती शिल्लक नाही. भरली नसती तर शिल्लक राहिली असती आणि मग ती रद्द करता आली असती. त्या उत्तराची प्रत फाइलमध्ये पावतीच्या शेजारी लावलेली आहे.

"आधी भरलेलं परत मिळणार नाही." हे वाक्य मला गेल्या दहा-बारा वर्षांत इतक्या ठिकाणी भेटलं आहे की ते आता कायद्याचा स्वभावच झालं आहे असं वाटू लागतं. सरकारी कार्यालयांना त्यांचे स्वतःचे बुक आयडेंटिफिकेशन क्रमांक (कर जमा केल्याच्या नोंदीचे क्रमांक) उशिरा मिळाले म्हणून त्यांची विवरणपत्रं लांबली, तेव्हा आपल्याच मंडळाने ४ मार्च २०१४ च्या परिपत्रक क्रमांक ७ ने मुदत मागच्या तारखेपासून वाढवून दिली. चांगलं केलं. पण त्याच परिपत्रकात लिहिलं की ज्या सरकारी कार्यालयाने शुल्क आधीच भरलं असेल त्याला ते परत मिळणार नाही. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी जुन्या किरकोळ मागण्या मागे घेत असल्याचं जाहीर केलं. २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या. आमच्या शाळेच्या तिन्ही मागण्या याच वर्षांतल्या आणि याच आकड्याच्या आतल्या. पण त्यानंतर निघालेल्या आदेशात टीडीएस कापणाऱ्यांवरच्या मागण्या वगळल्या, आणि मागण्या रद्द झाल्या म्हणून कुणाला परताव्याचा हक्क मिळणार नाही असंही म्हटलं. म्हणजे आम्ही दोन्हीकडून बाहेर. जीएसटीतही तेच. कलम १२८-ए ने २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या मागण्यांवरचं व्याज आणि दंड माफ झाला, मुख्य अट ही की मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरावा. आणि तिथेही तेच वाक्य: व्याज-दंड आधीच भरला असेल तर परतावा नाही. नोटीस येताच कर, व्याज, दंड सगळं एकदम भरून आलेले माझ्याकडचे दोन दुकानदार त्या वर्षी माझ्यासमोर बसले होते. काय सांगायचं त्यांना?

मी या व्यवसायात नवशिका नाही. परतावा का नाकारतात याची कारणं मला ठाऊक आहेत. मफतलाल इंडस्ट्रीजच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की दुसऱ्याच्या खटल्यात कायद्याचा वेगळा अर्थ लागला म्हणून, स्वतः न भांडता कर भरून मोकळं झालेल्या माणसाला मागाहून परतावा मागता येणार नाही. मिटलेले व्यवहार पुन्हा पुन्हा उघडले तर सरकारचा हिशेब कधीच बंद होणार नाही, ही त्यामागची काळजी मला समजते. पण त्या निकालाचा पाया वेगळा होता. तिथे प्रश्न उत्पादन शुल्काचा होता. कारखानदाराने कर मालाच्या किमतीत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला असतो, मग परतावा त्याला दिला तर तो पैसा दुसऱ्याचाच त्याच्या खिशात जातो. टीडीएसच्या उशिराचं शुल्क असं कुणाच्या माथी मारता येत नाही. ठेकेदाराच्या बिलातून ते कापता येत नाही, विद्यार्थ्यांच्या फीमध्ये ते चढवता येत नाही. ते संस्थेच्या पदरचंच जातं.

आणि दुसरं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. या सगळ्या निकालांनी घातलेली मर्यादा नागरिकाच्या मागण्याच्या हक्कावर आहे. सरकारने स्वतःहून परत देऊ नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने आम्हाला दार ठोठावायला मनाई केली असेल, पण आतून दार उघडायला आपल्याला मनाई केलेली नाही. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुठलाही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. ते कलम भांडणाऱ्यासाठी एक आणि न भांडणाऱ्यासाठी एक असं दुहेरी लिहिलेलं नाही.

अधिकार आपल्याकडे आहे. त्याच १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११९ ने मंडळाला कडक तरतुदी सैल करण्याची मुभा दिली आहे, आणि त्यासाठी ज्या कलमांची यादी त्यात दिली आहे, तिच्यात २३४-ई नाव घेऊन लिहिलेलं आहे. मुदत संपल्यानंतरचा परताव्याचा अर्ज स्वीकारण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. कोविडच्या काळात, पोर्टल बंद पडलं तेव्हा, पूर आला तेव्हा मंडळाने मुदती वाढवून दिल्याच आहेत. सांगलीच्या २०१९ च्या पुरात आमच्या कित्येक अशिलांच्या वह्याच पाण्यात गेल्या होत्या. त्यामुळे मुदतीची सवलत म्हणजे काय असते, ते आम्ही जाणतो. २०१४ च्या परिपत्रकात हाच अधिकार वापरला होता. आता तो पुन्हा वापरावा, फक्त या वेळी ते एक वाक्य गाळून.

काम अवघड आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण सगळी माहिती आपल्याच संगणकात आहे. कुठल्या टॅनने कुठल्या तिमाहीचं विवरणपत्र कुठल्या तारखेला भरलं, किती शुल्क लावलं, कुठल्या चलनाने ते भरलं गेलं, त्या चलनाचा बँकेचा सात आकडी कोड कोणता, हे सगळं ट्रेसेस या आपल्या टीडीएसच्या संकेतस्थळावर पाहता येतं. मी शाळेची ती नोंद आजही उघडून पाहू शकतो. ज्या यंत्राने मागण्या काढताना एकाही माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, तेच यंत्र कुणाला अर्ज करायला न लावता रकमा परतही पाठवू शकतं. २०२४ च्या किरकोळ मागण्या अशाच रद्द झाल्या. करदात्याने काहीच करायचं नव्हतं, त्याच्या खात्यावरून त्या आपोआप गेल्या.

माझी मागणी म्हणून थोडक्यात अशी. १ जून २०१५ पूर्वीच्या कालावधीसाठी २००-ए खालच्या सूचनेने लावलेलं आणि वसूल झालेलं २३४-ई चं सगळं शुल्क, आणि त्या शुल्कावर कलम २२० खाली घेतलेलं व्याज, मंडळाने एका आदेशाने परत करावं. पुन्हा अपील, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा विलंबमाफीचा अर्ज, असं काही नको. ज्यांच्या मागण्या अजून उभ्या आहेत, त्या रद्द कराव्यात, आणि २०२४ च्या आदेशातला टीडीएसचा अपवाद या रकमांपुरता तरी काढावा. घर घेताना १ टक्का कर कापून त्याचा २६-क्यूबी हा फॉर्म भरणारे पगारदार यात विसरू नयेत. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. २०१३-१४ साली त्याने घर घेतलं आणि बिल्डरला चार हप्ते दिले. प्रत्येक हप्त्यावर त्याने कर वेळेत कापला, पण ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून सात दिवसांत फॉर्म भरायचा, असा तेव्हा नियम होता, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आयुष्यात एकदाच घर घेणाऱ्या माणसाला टीडीएस हा शब्दच त्या वर्षी नवा होता, तरतूदच १ जून २०१३ पासून आलेली. चार फॉर्म, चार शुल्कं. त्यानेही भरून टाकलं. अशांना टॅन नसतो, म्हणून त्यांचा परतावा पॅनवर पाठवावा.

परताव्यावर व्याजही द्यावं. मी हे हट्टाने मागत नाही. २०१४ मध्ये टाटा केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क नसताना घेतलेले पैसे परत करताना सरकारनेही इतर कुणाही माणसाप्रमाणे त्यावर व्याज दिलं पाहिजे. परताव्यावरचा आपला नेहमीचा दर महिन्याला अर्धा टक्का आहे. कर कापून तो भरायला उशीर झाला तर आपण आमच्याकडून महिन्याला दीड टक्का घेता. त्या फरकाबद्दल मी आज काही म्हणत नाही. अर्धा टक्काच द्या, पण द्या.

एकूण रक्कम देशभरात किती होईल ते आपल्यालाच माहीत, कारण आकडा आपल्याच नोंदींत आहे. शक्य असेल तर तो जाहीर करावा. आम्हा सल्लागारांना एवढंच दिसतं की प्रत्येक गावात अशा पाच-दहा फाइली आहेत आणि प्रत्येक फाइलमधली रक्कम एवढीच, की तिच्यासाठी भांडणं परवडत नाही. नेमकी त्याच रकमेची अडचण झाली. मोठी असती तर लोक भांडले असते.

मला खरी काळजी आहे ती माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी यापुढे काय सांगायचं याची. इतकी वर्षं मी त्यांना सांगत आलो की सरकारचं देणं आधी भरा, वाद असला तरी भरा, नंतर बघू. आता नोटीस आली की तरुण व्यापारी विचारतात, "भरायचं कशाला? थांबू या की. थांबलेल्यांचं माफ होतं." त्यांना मी चूक म्हणू शकत नाही, कारण त्यांच्यापुढे शाळेची फाइल आहे आणि बेदाणा व्यापाऱ्याचीही. आता नवा आयकर कायदा आला आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत, भाषा सोपी झाली आहे. लोकांना कायदा सोपा वाटावा असं आपल्याला मनापासून वाटत असेल, याबद्दल मला शंका नाही. तर मग जुन्या कायद्यातलं हे देणं आधी चुकतं करावं.

सर आता ८० च्या पुढे गेले आहेत. सचिवपद त्यांनी सोडलं, पण दर दिवाळीला फराळाला बोलावतात आणि निघताना दारात विचारतात, "आपल्या त्या पैशांचं काही कळलं का?" गेल्या वर्षी मी म्हटलं, मंडळाला पत्र लिहितो. ते हेच. संस्थेचा टॅन तोच आहे, बँकेतलं खातंही तेच आहे, आणि १८,९२८ रुपयांची पावती माझ्याकडे आहे.

आपला विश्वासू,
एक कर सल्लागार, तासगाव, जि. सांगली